बॉक्सिंगच्या वखारीतला काटा

बॉक्सिंग म्हणजे काय ते मला पहिल्यांदा नीट कळलं, तेव्हा माझ्या वखारीत एका पोरीच्या नाकातून रक्त येत होतं आणि समोरचा पोरगा तिला "सॉरी, सॉरी" म्हणत उभा होता. माझ्या हातातली पाण्याची बादली तिथंच आपटली. पोरीनं नाक बाहीला पुसलं आणि त्या पोराच्या बरगडीत असा ठोसा दिला की तो खालीच बसला. शिकवणारे सर बाजूला उभे राहून हसत होते.

"हे काय शिकवताय हो भाऊ? पोरगी आहे ती!"

"हेच शिकवतोय, अक्का. मार बसला की रडत बसायचं नाही."

त्या दिवशी माझ्या घशाखाली भाकर उतरली नाही. असल्या कामाला आपण जागा दिली, याचाच धक्का होता. पुढं याहून मोठे धक्के बसायचे होते, ते मला ठाऊक नव्हतं.

हे सर भुसावळला रेल्वेत फिटर होते. तरुणपणी रेल्वेच्या संघातून बॉक्सिंग खेळायचे. निवृत्त होऊन जळगावला मुलाकडं राहायला आले आणि पोरांना शिकवायला जागा शोधत फिरत होते. असोदा रस्त्यावर आमची केळीची वखार आहे. नवरा वारला तेव्हापासून ती बंदच होती. आत उंदीर, घुशी आणि मोडकी कॅरेट. सर दारात आले तेव्हा मला वाटलं, कांदे ठेवायला जागा मागताहेत.

"मुलांना बॉक्सिंग शिकवायचंय," ते म्हणाले.

"म्हणजे मारामारी?"

"नियमातली."

माणूस सरळ वाटला. शिवाय आत कोणी वावरलं तर उंदीर तरी जातील, असा विचार करून मी किल्ली दिली. समाजसेवा वगैरे माझ्या डोक्यात नव्हती. लोक आता तसं म्हणतात, तो खोटेपणा आहे.

पत्रे गळत होते तिथं ताडपत्री बांधली. ट्रकवाल्यांकडचे जुने दोर आणून चार खांबांना ताणले, त्याला रिंग म्हणायचं. पोत्यात चिंध्या ठासल्या, वरून ताडपत्री शिवली आणि ते धूड आढ्याला टांगलं. शिवलं मी, दाभणानं. तीन आठवड्यांत ते फाटलं, तेव्हा दुहेरी टाके घातले. ते अजून टिकून आहेत.

आठ-दहा दिवसांतच मला कळलं की सरांना शिकवता येतं, पण चालवता येत नाही. कोण आलं, कोण नाही याचा पत्ता नसायचा. पोरं चपला घालून रिंगमध्ये चढायची. नखं वाढलेली. पाणी संपलं तर संपलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण हजेरी मांडायला तेवढं पुरतं. मी दारात खुर्ची टाकली आणि हजेरी, नखं, पाणी, झाडू सगळं हातात घेतलं. भांडायला येणारे आईबापही माझ्याच वाट्याला. एक बाई पोराला ओढत घेऊन आली.

"तुमच्या क्लासात माझ्या पोराचा दात पाडला!"

मी पोराला म्हणाले, "आ कर." बघितलं. "हा तर दुधाचा होता, बाई. चार दिवसांनी आपोआप पडला असता."

"मग चार दिवस थांबायचं होतं ना!"

ते पोरगं काही परत आलं नाही. पंधरा जणांनी सुरुवात झाली होती, वर्षभरात पाच टिकले. चार पोरं आणि ती नाकातून रक्त आलेली पोरगी.

तिचा बाप मजुरीनं केळीचे घड कापायला जातो. सोळावं सरत आलं होतं. तिचे आजोबा आणि आमचं घर यांचं बोलणं नव्हतं. एके काळी ते आपल्या दोन बिघ्यांतली केळी आमच्याच वखारीला घालायचे. मग वजनावरून भांडण झालं आणि त्यांनी आमचा उंबरा सोडला. तरी नात आमच्याच वखारीत यायची, म्हणून मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आबा म्हणतात, शिकवणारा चांगला आहे ना, मग वखार कोणाची का असेना."

या पोरीसाठी सरांनी एक गोष्ट मनात धरली होती. सरकारी क्रीडा वसतिगृह असतं. राहणं, खाणं, शाळा आणि रोजचा सराव, सगळं तिथंच. तिथं जायचं तर धुळ्याला निवड व्हायची, त्यात आपल्या वजनगटात पहिलं यावं लागे. आणि वयाची अट होती. पोरीचं ते शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. म्हणजे धुळं गेलं की सगळं गेलं. हे ती मला दिवसातून दोनदा ऐकवायची. मी म्हणायचे, "माझ्या कानाशी बोलून काय होणार, दोरीवर उड्या मार."

बॉक्सिंगमध्ये वजनाला फार महत्त्व. कोणी कोणाशी लढायचं ते वजनावर ठरतं. पोरगी अठ्ठेचाळीस किलोच्या गटात खेळणार होती. एक ग्रॅम वर गेलं की त्या गटातून बाहेर.

वजनासाठी वखारीत नवऱ्याचा जुना लोखंडी काटा होता. खाली माल ठेवायची फळी, वर आडवी दांडी, आणि दांडीच्या टोकाला वजनं ठेवायची लहानशी लोखंडी तबकडी. सर तो बघून खूष झाले. "अक्का, हे इंजिनासारखं काम आहे. ते बॅटरीचे चपटे काटे रोज वेगळं सांगतात." मी नवऱ्याबरोबर वीस वर्षं मापाला उभी राहिलेली. दांडी मला झोपेतही वाचता येते. तेव्हा दर रविवारी सकाळी वजनं घ्यायचं काम माझ्याकडं आलं, आणि मला त्याचा जरा ताठाही होता.

नवऱ्याचा एक नियम होता. दांडीला एक खटका असतो, तो उघडला की दांडी हलायला मोकळी होते. माल फळीवर चढल्यावरच खटका उघडायचा, रिकाम्या काट्यावर कधी उघडायचा नाही. दांडी टेकते ती आतली धार झिजते, असं तो सांगायचा. मीही पोरांना तोच नियम घातला. एकानं एकदा फळीवर चढायच्या आधी खटका उघडायला हात घातला, तर मी त्या हातावर सणसणीत चापट मारली. "मालकाचा काटा आहे. शिस्तीनं वागायचं."

धुळ्याच्या आधीच्या आठवड्यात पोरीच्या गल्लीत लग्न होतं. वरणबट्टी, वर वांग्याची भाजी, तूप. पोरगी पंगतीत बसली आणि काकडी खाऊन उठली, असं तिनंच मला सांगितलं. शेवटच्या रविवारी काट्यावर सत्तेचाळीस किलो सहाशे भरली. मी ते खडूनं खांबावर लिहिलं.

भाड्याची जीप करून आम्ही पारोळ्यावरून धुळ्याला गेलो. सर, मी आणि पाच पोरं. एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये निवड होती. मुलींची वजनं आधी, पडद्यामागं. बाई म्हणून मी तिच्याबरोबर आत गेले. ती मशीनवर उभी राहिली. समोर बसलेल्या बाईंनी आकडा वाचला.

"एकोणपन्नास किलो सहाशे."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी वाकून बघितलं. लाल आकडे होते, तेच. मी म्हणाले, "तुमचं मशीन बिघडलंय." त्या बाई शांत होत्या. त्यांनी तिला शेजारच्या दुसऱ्या मशीनवर उभं केलं. तिथंही तेच. म्हणाल्या, "एक तास आहे. तासाभरात अठ्ठेचाळीसच्या आत आलीस तर ठीक. नाहीतर पन्नासच्या गटात नाव घालीन."

पन्नासच्या गटात शिरपूरकडची एक मुलगी होती, ती राज्याला खेळून आलेली. ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मी पोरीला दंडाला धरून बाहेर आणलं.

"काय खाल्लंस?"

"काही नाही, आजी."

"दोन किलो काय वाऱ्यानं चढले?"

"खरंच काही नाही. काल संध्याकाळी अर्धी भाकर..."

"लग्नात बट्ट्या हाणल्यास. चोरून. आणि मला काकडी सांगतेस!"

"आईची शप्पथ आजी, मी..."

"शपथा घालू नकोस. खोटारडी कुठली!"

हे मी सगळ्यांसमोर म्हणाले. आमची चारी पोरं उभी होती. दुसऱ्या गावांचे लोकही मान वळवून बघत होते. पोरगी रडली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली. मला तो उद्धटपणा वाटला.

सर म्हणाले, "अक्का, दीड किलोच्या वर एका तासात? नको. वरच्या गटात खेळू द्या."

"वरच्या गटात मार खाऊन येईल. पळवा तिला."

सरांचं जर्किन तिच्या अंगात घातलं. वर कोणाचा तरी प्लास्टिकचा रेनकोट. धुळ्याचं ऊन, दहा-साडेदहाची वेळ, आणि मैदानात ती दोरीवर उड्या मारायला लागली. मी शेजारी उभी राहून मोजत होते. शंभर, दोनशे. थांबली की ओरडत होते. तोंडातली थुंकीसुद्धा गिळू देत नव्हते. सर मधूनच "पुरे" म्हणायचे आणि मी "अजून" म्हणायचे. अर्ध्या तासानं तिचे ओठ पांढरे पडले. पुन्हा मशीनवर उभी केली. एकोणपन्नास. सहाशे ग्रॅम गेले होते, अजून किलोभर बाकी. मी तिला परत मैदानात नेलं.

तेवढ्यात पोरांची वजनं झाली आणि सर हॉलमधून जवळजवळ धावतच आले. हातात चिठ्ठी.

"अक्का, थांबवा तिला. आधी थांबवा."

"का?"

"आपली चारी पोरंसुद्धा जास्त भरली. ही चिठ्ठी बघा. हा घरी चोपन्न, इथं छप्पन्न. हा साठ, इथं बासष्ट. तो धाकटा बेचाळीस, इथं चव्वेचाळीस."

मागं झाडाखाली धुळ्याकडची एक आई आपल्या पोरीच्या वेण्या घालत बसली होती. ती हसून म्हणाली, "काय वं माय, तुमना गावना बठ्ठा पोरे दोन-दोन किलो जास्तीच शेतस का?"

आमच्या गावची सगळीच पोरं दोन-दोन किलो जास्त कशी, असं ती अहिराणीत विचारत होती. सर हळू आवाजात म्हणाले, "कोणी पावशेर वर, कोणी दीड किलो वर, असं असतं तर मी म्हणालो असतो खाल्लं. पाचही जण बरोबर दोन किलो? पोरं एकसारखी खात नाहीत, अक्का. आपला काटा कमी दाखवतोय."

पोरगी रेनकोटात उभी होती, दोरी अजून हातात. तिनंही ऐकलं.

तिला सावलीत बसवलं, लिंबूपाणी दिलं. पन्नासच्या गटात नाव गेलं. दुपारी शिरपूरकडच्या त्या मुलीशीच लढत लागली. पहिल्या फेरीत आमची पोरगी पुढं होती. हे मी सांगत नाही, सरांनी सांगितलं आणि समोरच्या मुलीच्या सरांनीही सांगितलं. दुसऱ्या फेरीत तिचे हात खाली यायला लागले. तिसऱ्या फेरीत पाय हलेनात. ती पडली नाही, पण पंचांनी हात दुसरीचा वर केला. मी खुर्चीवर बसून होते. त्या मुलीनं तिला हरवलं नव्हतं. उन्हात मी तिच्या अंगातून जे सहाशे ग्रॅम काढले, त्यांनी हरवलं.

परतीच्या वाटेवर पारोळ्याला चहाला थांबलो, तेव्हा पोरगी उतरली, तीन पेले पाणी प्यायली आणि परत मागच्या सीटवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पाने-पक्कड घेऊन वखारीत आले. काट्याकडं गेले आणि पहिलं काम त्यांनी केलं ते रिकाम्या काट्यावर खटका उघडायचं. मी नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "अहो, असं नाही..." रिकाम्या काट्याची दांडी मधोमध तरंगायला हवी. ती तबकडीच्या बाजूला धाडकन खाली गेली.

सरांनी तबकडी उलटी केली. खालून एक पातळ पत्रा बसवलेला होता, लोखंडाच्याच रंगाचा. पान्याच्या टोकानं तो उचकटला. आत शिशाचा तुकडा निघाला, दोन चिंचोके एकत्र ठेवल्याएवढा. सरांनी तो तळहातावर घेतला.

"या काट्याला शंभराला एक पडतं. इथं वीस ग्रॅम घातले की फळीवरचे दोन किलो दिसेनासे होतात."

"चुकून राहिलं असेल का?"

सर माझ्याकडं बघून म्हणाले, "अक्का, वरून पत्रा बसवलाय."

मी खाली बसले. वीस वर्षं मी त्या दांडीशी उभी राहिले होते. आकडा मी वाचायचे, तो मोठ्यानं मी सांगायचे. वजनमापाची तपासणी असली की नवरा आदल्या दिवशी काट्यापाशी एकटाच बसायचा. मला वाटायचं, तेल घालतोय. मी त्याला तिथंच चहा नेऊन द्यायचे. आणि तो खटक्याचा नियम! रिकामा काटा कोणी उघडू नये म्हणून केलेला नियम मी त्याच्यामागंही इमानानं पाळला, दुसऱ्यांच्या लेकरांना चापट मारून पाळायला लावला. माझ्या सख्ख्या भावाची केळी याच काट्यावर मापली होती. नवऱ्यानं त्यालाही सोडलं नव्हतं.

सर म्हणाले, "काटा जुना झाला होता, असं सांगू. बाहेर काढून टाकू." मी मान हलवली. आता सांगायला लाज वाटते, पण दोन दिवस मी तेच सांगितलं. पोरांना, त्यांच्या आईबापांना, माझ्या मुलाला फोनवर. काटा जुना, स्प्रिंगा ढिल्या झाल्या. त्या काट्यात स्प्रिंगच नसते.

तिसऱ्या दिवशी पोरगी आली. क्लबचे ग्लोव्हज तिनं माझ्या टेबलावर ठेवले, धुऊन वाळवलेले.

"आबांनी सांगायला सांगितलंय," ती म्हणाली. "काटा नवा होता, तेव्हाही दोनच किलो कमी दाखवायचा."

आणि गेली.

तेव्हा मला ते भांडण आठवलं, पूर्ण. तिच्या आजोबांनी घरून शेजाऱ्याच्या काट्यावर तोलून केळी आणली होती. दर मापाला दोन किलो तूट येते, असं ते आठ-दहा लोकांसमोर म्हणाले. नवरा हसला. मी पुढं झाले. म्हणाले, "ओले घड आणता, वाटेत पाणी गळतं, आणि बोट आमच्याकडं दाखवता. खोटारडे कुठले!" त्यांनी टोपी सारखी केली, बैल जुंपले आणि गेले. धुळ्याला नातीला मी जो शब्द वापरला, तोच आजोबांना वापरला होता. दोघंही खरं बोलत होते.

शिशाचा तो तुकडा पदराच्या टोकाला बांधला आणि मी तशीच त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. सून धान्य निवडत होती. पोरगी दारात उभी राहिली. मी गाठ सोडून तुकडा त्यांच्यापुढं ठेवला.

"तबकडीखाली होता," मी म्हणाले. "आबा, तुम्ही खरं बोलत होता. मी तुम्हाला लोकांत खोटं पाडलं."

त्यांनी तुकडा उचलला, तोलल्यासारखा हातात हलवला.

"मले वाटे, खालच्या फळीत काही असीन. हे त वरच व्हतं!" ते म्हणाले. आणि मग जरा हसले. "मानूस हुशार व्हता तुमचा, अक्का."

मला ते हसणं फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्हाला ठाऊक होतं, मग पोरीला त्या काट्यावर कसं उभं राहू दिलंत?"

"मले काय माहीत पोरं त्यावर तोलता? बॉक्सिंग शिकवता, एवढंच माहीत. पोरीनं काट्याचं नाव जरी काढलं असतं, त पहिल्याच दिवशी सांगितलं असतं." त्यांनी तुकडा माझ्याकडं सारला. "माझ्या केळीचं जाऊ द्या. ते खाल्लं, पचलं. पोरीचं काय करता, ते सांगा."

म्हणून मी जळगावला क्रीडा कचेरीत गेले. सरांनी अर्ज लिहिला, पण काय लिहायचं ते मी सांगितलं. क्लबचा काटा माझ्या नवऱ्यानं केळीच्या मापासाठी खोटा केलेला होता, त्यामुळं मुलीचं वजन चुकीचं कळलं, वजन उतरवायला तिला उन्हात मी उभं केलं, मुलीचा काही दोष नाही, तिची चाचणी पुन्हा घ्यावी. माझा मुलगा फोनवर ओरडला, "आई, अण्णांचं नाव कागदावर घालतेस?" मी म्हणाले, "अण्णांनीच घातलंय, पत्र्याखाली." त्यानं फोन ठेवला. चार महिने बोलला नाही.

कचेरीतले साहेब अर्ज वाचून माझ्याकडं बघतच राहिले. "आजी, असं कोणी लिहून देत नाही हो." मी म्हणाले, "मी दिलंय. सही कुठं करू?"

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. चार ओळी. निवड पूर्ण झालेली आहे, फेरचाचणीची तरतूद नाही, वयाच्या अटीमुळं पुढील वर्षी विचार करता येणार नाही. मी ते सरांकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग पोरीच्या घरी जाऊन तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं, घडी घातली.

"झालं तर," ती म्हणाली.

"मला जमलं तेवढं मी केलं," मी म्हणाले.

"हो. आबांना सॉरी म्हणालात, साहेबांना लिहून दिलंत." कागद तिनं माझ्याकडं परत केला. "मला मात्र तुम्ही चोरून खाल्लं म्हणालात. ते अजून तसंच आहे."

मी दारातच उभी राहिले. एवढे दिवस मी शिशाचा तुकडा घेऊन सगळीकडं फिरले, नवऱ्याची चोरी सगळ्यांना सांगितली, आणि ज्या पोरीला मी स्वतः खोटं पाडलं होतं तिला एक शब्द बोलले नव्हते. ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. शिसं सापडल्याचा धक्का बसला, त्याहून मोठा हा होता. तो काटा नवऱ्यानं केला होता. हे मी केलं होतं.

"घरात म्हणून चालणार नाही," मी म्हणाले. "रविवारी ये. पोरांसमोर म्हणेन."

ती आली. चारी पोरं, सर, आणि दोघा पोरांच्या आया होत्या. मी खुर्चीवरून उठले. म्हणाले, "धुळ्याला मी हिला चोर म्हणाले, खोटारडी म्हणाले. हिनं काही खाल्लं नव्हतं. मी खोटी. हिला उन्हात मी पळवलं, म्हणून ही हरली. ऐकलं सगळ्यांनी?"

धाकटं पोरगं म्हणालं, "हो आजी." बाकीचे खाली बघत होते.

पोरगी म्हणाली, "बरं." मग सरांकडं वळून म्हणाली, "सर, पहिल्या तारखेपासून मी भुसावळला जाणार आहे. तुम्ही ज्या सरांचं नाव सांगितलं त्यांच्याकडं शिकायला. तिकडं माझ्या वजनाच्या तीन मुली आहेत. सकाळच्या गाडीनं जाईन, कॉलेजला परत येईन."

सर म्हणाले, "जा. इथं पोरांशी खेळून तुझं पुढं काही होणार नाही."

मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली म्हणजे ती राहील, असं मी मनातल्या मनात ठरवूनच टाकलं होतं. तिनं तसं कधी म्हटलं नव्हतं. कबूल करण्यात मी माझाच सौदा बघत होते की काय, असं क्षणभर वाटलं.

"मग पुढच्या रविवारी वजन?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"तिकडं घेतील, आजी," ती म्हणाली. ती वापरायची ते टेबलावरचे ग्लोव्हज तिनं उचलले नाहीत, ते क्लबचे होते. चपला घातल्या आणि गेली.

तिच्या जागेवर अजून कोणी आलेलं नाही. चार पोरं येतात. मी दारात हजेरी मांडते.